रत्नागिरी शहरात मे महिन्यात मुक्काम, आणि त्याच दरात मिळालेला स्वीट: घ्यावा का, घेताना काय विचारावं?

सुरंगी

"शहरात फिरायला गेलं की खोली काय, रात्री पाठ टेकण्यापुरती" हे घरोघरी ऐकू येतं. कोकणात, त्यातून मे महिन्यात, हे लागू पडत नाही असं माझं ठाम मत झालंय, म्हणून हा धागा.

रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा चढत नाही, पण दमटपणा असा की अकरा वाजता रस्त्यावर उभं राहवत नाही. म्हणजे हिंडायचं ते सकाळी साडेदहापर्यंत आणि मग पाच वाजल्यानंतर. मधले पाच-सहा तास खोलीतच जातात. सोबत म्हातारं माणूस आणि शाळकरी मुलं असतील तर त्या पाच-सहा तासांवर अख्खी सहल ठरते.

आमच्यासोबत सासूबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, दुपारची झोप झाली नाही तर संध्याकाळी बाहेर पडायचं नावही काढत नाहीत. शिवाय आमची दोघं मुलं आणि नणंदेचा मुलगा. शहरातल्या एका हॉटेलात साधी मोठी खोली घेतली होती, रात्रीचे ४,००० अधिक कर. पोचलो तर काउंटरवर सांगितलं, लग्नाच्या वऱ्हाडाने साध्या खोल्या भरल्यात, तुम्हाला त्याच दरात वरचा स्वीट देतो.

तर हा स्वीट म्हणजे बैठकीची खोली, आत झोपायची खोली, दोन्हीकडे वेगळा एसी आणि मध्ये एक दार. मोठा टीव्ही, सोफा, फळांची टोपली हे सगळं होतं, पण त्याबद्दल मला काही विशेष सांगायचं नाही. सांगायचंय ते त्या दाराबद्दल. भक्कम लाकडी, पूर्ण लागणारं दार. दुपारी एक वाजता सासूबाई आत आडव्या झाल्या, दार लावलं, आणि बाहेर मुलं पत्ते खेळली, भांडली, पुन्हा खेळली. आत काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. साडेचारला त्या स्वतःहून उठून "चहा सांगितलात का?" म्हणत बाहेर आल्या. याआधीच्या सगळ्या सहलींत दुपारभर "हळू बोला, आजी झोपलीय" करत आम्ही मुलांना कोंडून ठेवायचो, आणि संध्याकाळपर्यंत सगळेच वैतागलेले असायचे.

दुसरी सोय आंब्यांची झाली. आम्ही पाच डझनांची पेटी आल्याआल्याच घेतली होती, फळ अर्धकच्चं. एकाच खोलीत राहिलो असतो तर पेटीला दिवसरात्र एसीत ठेवावं लागलं असतं, आणि गारठ्यात हापूस पिकायला लागत नाही. इथे बैठकीच्या खोलीचा एसी रात्री बंद करून पेटी खिडकीशी, गवतासकट, झाकण किलकिलं ठेवून दिली. निघायच्या आदल्या दिवशी देठाजवळ पिवळी झाक धरून वास सुटला. मुलांना पांढऱ्या चादरींपासून लांब, टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून बसवलं. आंब्याचा डाग पडला तर हॉटेलवाले चादरीचे पैसे लावतात, ते ध्यानात ठेवा.

सकाळ-संध्याकाळी काय पाहिलं तेही थोडक्यात लिहिते. सकाळी लवकर रत्नदुर्ग, भगवतीचं दर्शन. तिन्ही बाजूंना समुद्र असल्याने तिथे वारा मिळतो. एका सकाळी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (जन्म २३ जुलै १८५६). जांभ्याचं, कौलारू, आत शिरलं की गार वाटतं. तिथून पुढे पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं, भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये बांधून दिलेलं, सर्व जातींना खुलं. मुलांना मी तिथे उभं करून हे नीट सांगितलं, कारण पुस्तकात ते एका ओळीत संपतं.

थिबा राजवाड्याला मात्र वेळ द्या. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणलं, आणि हा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. जेमतेम सहा वर्षं तो इथे राहिला, १९१६ मध्ये इथेच वारला. वरच्या मजल्याच्या अर्धगोल, कोरीव लाकडी खिडक्या बघाच. सासूबाई तिथे बराच वेळ गप्प उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "एवढ्या लांब आणून ठेवलं बिचाऱ्याला." संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल.

आता विचारायचं ते असं. माझी बहीण आई-बाबांना घेऊन पुढच्या मे महिन्यात रत्नागिरीलाच जाणार आहे. असं वरचं काही मिळावं म्हणून आधी काही करता येतं का? आणि मिळालं तर 'हो' म्हणण्याआधी काय काय बघून घ्यावं? करावर फरक पडतो का? अनुभव लिहा.

भरतीओहोटी

छान लिहिलंय, पण मूळ मुद्दा पटला नाही. कोकणात येऊन हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एसी लावून का बसायचं? आरे-वारे किंवा पावसच्या बाजूला आगरातलं घर घ्या. पोफळीच्या सावलीत दुपारी पंखाही पुरतो, मुलं अंगणात मोकळी, आजी पडवीत. जेवायला कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. हॉटेलात हे सगळं 'कोकणी थाळी' म्हणून मिळतं, पण चव वेगळी. स्वीटच्या दरात आगरातल्या दोन खोल्या येतात, म्हणजे मधलं दारच काय, भिंतसुद्धा मिळते.

सुरंगी

भरतीओहोटी, आगरातल्या घरांवर माझंही प्रेम आहे, आणि नुसते आम्ही चौघे असतो तर तेच केलं असतं. पण बऱ्याच घरांत न्हाणीघर मागीलदारी असतं किंवा दोन पायऱ्या उतरून. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला ते झेपत नाही. शिवाय सासूबाईंचं रक्तदाब-मधुमेहाचं औषध चालू आहे, त्यामुळे दवाखाना दहा मिनिटांवर हवा ही नवऱ्याची अट होती. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण, सिव्हिल हॉस्पिटल शहरातच. म्हणून शहर.

काउंटरमागून

मी रत्नागिरी परिसरातल्या एका हॉटेलात बरीच वर्षं रिसेप्शनला आहे. कुठल्या ते लिहीत नाही. आतली बाजू सांगतो.

मे महिन्यात कोकणात अपग्रेड होतात ते मुख्यतः लग्नांमुळे. वऱ्हाडाला एकसारख्या साध्या खोल्या हव्या असतात, दहा-पंधरा एकदम. स्वीट त्यांना नको असतो, फार तर नवरा-नवरीसाठी एखादा. मग होतं काय, साध्या खोल्यांची ओढाताण आणि स्वीट रिकामे. ऐनवेळी वऱ्हाडात चार माणसं वाढली की आमच्यासमोर दोनच वाटा उरतात, एखाद्या पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवा किंवा वर चढवा. दुसऱ्या हॉटेलात पाठवलं की ते गिऱ्हाईक कायमचं जातं. म्हणून वर चढवतो.

कोणाला चढवायचं हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी ठरतं, पाहुणा समोर आल्यावर नाही. उद्या येणाऱ्यांची यादी घेऊन बसतो. स्वीट तुमच्या सगळ्या रात्री मोकळा असायला हवा, म्हणून थोडक्या रात्रींचं बुकिंग असलेल्याला तो मिळणं सोपं जातं. ज्याने थेट हॉटेलकडे बुकिंग केलंय, फोन करून येण्याची वेळ कळवलीय, सोबत वयस्कर माणूस आहे असं सांगितलंय, त्याचं नाव आमच्या डोळ्यांसमोर राहतं. रात्री अकराला न कळवता पोचणाऱ्याला उरेल ते मिळतं, मग ते वरचं असो की जिन्याखालचं.

तेव्हा सुरंगीताई, बहिणीला सांगा, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास फोन करा. दुपारी बारा ते तीन काउंटरवर चेक-आउट आणि चेक-इन एकत्र येतात, तेव्हा कोणालाच धड बोलता येत नाही. फोनवर "अपग्रेड द्या" म्हणण्यापेक्षा "आई-वडिलांना दुपारी झोपायला वेगळी खोली हवी, काही होण्यासारखं आहे का" असं गरजेचं बोला. गरज कळली की आम्हाला मार्ग काढता येतो. फुकट नाही जमलं तरी थोडा फरक भरून मिळू शकतं, कारण संध्याकाळी सातनंतर रिकामा राहिलेला स्वीट आम्हाला काहीच मिळवून देत नाही.

ठरलं की नोंदणीच्या कार्डावर दर आणि "फरक नाही" हे लिहून घ्या. एका पाळीने शब्द दिला आणि दुसऱ्या पाळीने बिल काढलं, यातून भांडणं होतात.

आणि हो, 'ज्युनिअर स्वीट' म्हटलं की विचाराच. पुष्कळ ठिकाणी ती एकच मोठी खोली असते, एका कोपऱ्यात सोफा मांडलेला. मधलं दार नसतं.

मांडवीकर

सुरंगी, पतितपावनबद्दल मुलांना सांगितलंत, बरं वाटलं.

लग्नांवरून एक गोष्ट. हॉल असलेल्या हॉटेलात वरची खोली घेताना ती हॉलच्या डोक्यावर आहे का ते बघा. गेल्या मोसमात आमच्या पाहुण्यांना अशीच बढती मिळाली, खोली सुरेख, आणि पायाखाली डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, तेव्हा दहाला आवाज थांबला. पण दुपारच्या मुहूर्ताचा बँड कोण थांबवणार? ज्या दुपारच्या झोपेसाठी स्वीट घ्यायचा तीच गेली. काउंटरवर सरळ विचारा, आज-उद्या लग्न आहे का, मुहूर्त कितीचा, हॉल कुठल्या बाजूला.

दुसरं, खिडकी. रत्नागिरीत पश्चिमेची खिडकी म्हणजे समुद्र किंवा खाडी, फोटोला झकास. पण मे महिन्यात दोन वाजल्यापासून त्या काचेतून ऊन आत येतं आणि एसी हरतो. जाड पडदे आहेत का बघा.

फिरण्यात आमची मांडवी राहिली की काय? काळी वाळू आहे, म्हणून आम्ही काळा समुद्र म्हणतो. मिऱ्याकडचा तो पांढरा समुद्र. संध्याकाळी जेट्टीवर बसा, भेळ खा. म्हाताऱ्या माणसांना वाळूत न उतरता समुद्र बघता येतो ही मोठी सोय आहे. भाट्याला सुरूचं बन सुंदर, पण काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या टोकाला मुलांना पाण्यात सोडू नका, ओढ आहे. मासे खायचे तर मे संपायच्या आत. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद.

जमाखर्च

कराबद्दल लिहितो, कारण त्यावर खूप गोंधळ आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्यावर गेलं की १८ टक्के. हा टप्पा तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर ठरतो, खोलीच्या छापील दरावर नाही. २०१८ च्या जुलैअखेरपर्यंत छापील दर धरत असत, त्यामुळे अजूनही काही जण तसं समजतात. म्हणजे सुरंगी यांना मिळालेल्या स्वीटचा दर ९,००० असेल, पण त्यांनी ४,००० भरले, तर कर ४,००० च्या ५ टक्क्यांनी २०० रुपयेच. कोणी १८ टक्के लावू लागलं तर हे शांतपणे दाखवा.

फरक भरून वर जाणार असाल तर कागद-पेन घ्या. ४,००० वर २,५०० भरले तर ६,५००, कर ३२५. पण ४,००० भरले तर ८,००० होतात, आणि १८ टक्के सगळ्या ८,००० वर लागतात, नुसत्या वरच्या ५०० वर नाही. कर १,४४०. आधी एकूण ४,२०० पडत होते, आता ९,४४०. चार हजारांचा म्हणून सांगितलेला फरक ५,२४० चा झाला. अशा वेळी ७,५०० च्या आत दर बसवून मागा. तेवढ्यात साधारण काम होतं, कारण हॉटेललाही ते ठाऊक असतं.

आणखी एक, याकडे कोणाचं लक्ष जात नाही. १ एप्रिल २०२५ पासून, ज्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एक जरी खोली ७,५०० च्या वरच्या दराने दिली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. तुम्ही राहा साध्या खोलीत, थाळीवर कर स्वीटच्या हिशेबाने. हजाराच्या जेवणावर ५० ऐवजी १८०. पाच-सहा माणसांचं कुटुंब रोज दोन वेळा तिथे जेवलं तर बघा काय होतं. नाश्ता खोलीच्या दरात घ्या आणि दुपार-रात्र गावातल्या खानावळीत.

सेवा शुल्क बिलात आपोआप घातलं असेल तर काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम केल्या. वाढप्याला द्यायचं ते हातात द्या, त्याला पोचतं.

आबोली७

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी माझं वाचाच. आम्हालाही कोकणातल्याच एका हॉटेलात (नाव नको) वरची खोली दिली. न्हाणीघर प्रशस्त, संगमरवरी, पण शॉवर बाथटबच्या आत. वेगळा नळ-बादली नाही. बाबांना पाय गुडघ्याच्या वर उचलून टबात टाकता येईना, आणि आत ओलं, गुळगुळीत. मी दोन्ही हातांनी धरूनसुद्धा त्यांचा पाय थरथरत होता. शेवटी बादली, तांब्या आणि प्लॅस्टिकचं स्टूल मागवलं, टबाबाहेर जमिनीवर अंघोळ घातली, पाणी सगळीकडे. साध्या खोलीत सरळ जमिनीवर उभं राहायचा शॉवर होता, तिथे हा प्रश्नच आला नसता. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली साधी खोली मागून घेतली. काउंटरवरच्या मुलाला आश्चर्य वाटलं, पण त्याने दिली.

म्हणून सामान वर न्यायच्या आधी एकाने जाऊन न्हाणीघर बघून यावं. टब, उंबरठा, धरायला दांडा, कमोडची उंची. सोफ्याकडे नंतर बघा.

भरतीओहोटी

आबोली, हे वाचून सुरंगीचा दवाखाना आणि न्हाणीघराचा मुद्दा जास्त कळला. माझे आई-वडील अजून चालते-फिरते आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यात अंगण आणि पडवीच होती. तरी एक म्हणेन, एखादं दुपारचं जेवण तरी आगरात करा. बरेच जण आधी सांगितलं तर मुक्काम नसला तरी जेवू घालतात.

सुरंगी

जमाखर्च, आमचं बिल आत्ता काढून बघितलं, कर ५ टक्केच आहे. रेस्टॉरंटच्या बिलावर मात्र १८ लागलाय, त्याचं कारण आज कळलं. आबोली, न्हाणीघराचं बहिणीला फोन करून सांगितलं सुद्धा. बाबांचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं आहे, टब असता तर त्यांना अंघोळच करता आली नसती.

काउंटरमागून, एक विचारते. परतीला ते रात्रीच्या कोकणकन्येने जाणार. चेक-आउट बाराला, गाडी रात्री उशिरा, आणि स्टेशन कुवारबावला, म्हणजे गावापासून लांब. एवढा वेळ दोघांना घेऊन कुठे बसायचं? स्वीट संध्याकाळपर्यंत ठेवून मिळतो का?

काउंटरमागून

स्वीट संध्याकाळपर्यंत मिळणं साध्या खोलीपेक्षा अवघड. साफसफाईला जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि त्या रात्रीचा पाहुणा पैसे मोजून येणारा असतो. मोसमात मी तरी शब्द देणार नाही.

पण दुसरी सोय होते. वऱ्हाड शक्यतो सकाळी निघतं, त्यामुळे बाराच्या पुढे साध्या खोल्या मोकळ्या होतात. त्यातली एखादी दुपारी दोन ते रात्री आठ, अर्ध्या दराच्या आसपास, मागून घ्या. सकाळच्या नाश्त्याच्या वेळीच सांगून ठेवा, म्हणजे हाउसकीपिंग ती आधी लावून घेतं. सामान आणि आंब्याच्या पेट्या आमच्याकडे ठेवा, पेट्यांवर नाव आणि खोली क्रमांक ठळक लिहा. मे महिन्यात आमच्या सामानाच्या खोलीत सगळ्यांच्याच पेट्या असतात. रिक्षा आठलाच सांगून ठेवा, ऐन गाडीच्या वेळी सगळं गाव स्टेशनकडे निघतं.